बेबीच्या पोटात दुखत होतं

रविवारी सकाळी मी तळेगावला भाचीच्या घरी होते. आदल्या दिवशी तिच्या मुलीचं बारसं झालं होतं. निम्मे पाहुणे गेले होते, निम्मे अंगणात सतरंजीवर चहा घेत बसले होते आणि मी पाळण्याला बांधलेली फुलं सोडवत होते. तेव्हा कामावरून वच्छलामावशींचा फोन आला. त्या म्हणाल्या, "ताई, बेबी गेली." मी विचारलं, "कुठे गेली?"... खरंच असं विचारलं मी. आमच्या संस्थेत 'गेली' या शब्दाचा पहिला अर्थ 'पळून गेली' असा होतो आणि कबूल करायला हवं, की क्षणभर मला आनंदच झाला होता. मावशी म्हणाल्या, "कुठी जाईन थे? सरली ना ताई. दवाखान्यात सरली, पहाटे." फुलांचा गुंता हातात तसाच राहिला. भाची आतून मला विचारत होती, मावशी, पोहे टाकू का तुझ्यासाठी, आणि मी तिला हो म्हणाले.

ही संस्था वर्ध्याबाहेर आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रिया तिथे राहतात. पुढच्या भागात ज्या आहेत त्या वाती वळतात, मशीनवर पिशव्या शिवतात, सणावाराला नटतात. मागे जाळीचं एक दार आहे, त्याला बाहेरून कुलूप असतं. त्या दारापलीकडच्या बायका न्यायालयाच्या नाहीतर समितीच्या आदेशाने आलेल्या असतात. कुणी कुणाला मारलेलं असतं, कुणी पुन्हापुन्हा घर सोडून रस्त्याला लागलेली असते. त्या भागाला सगळे 'आतली बाजू' म्हणतात. मी तिथे सोमवारी आणि गुरुवारी जाते, समुपदेशक म्हणून. म्हणजे बोलायला. पहिल्या दिवशी अधीक्षिका मॅडम मला म्हणाल्या होत्या, "तुम्ही प्रयत्न करा, माझी ना नाही. पण यांच्याशी बोलणार काय? विचारलेलंच समजत नाही त्यांना." त्या वाईट बाई नाहीत. ज्यांना अनुभव असतो त्यांच्या आवाजात जो थकवा येतो, तो त्यांच्या आवाजात होता, एवढंच.

बेबीचं वय कागदावर बत्तीस होतं. गिरडच्या पलीकडच्या एका लहानशा गावातली, आदिवासी घरातली मुलगी. बाप लहानपणीच गेलेला, आई मजुरीला जाणारी, एक भाऊ, एक वहिनी. फाइलवर लिहिलं होतं, मतिमंद, आक्रमक, आग लावण्याची प्रवृत्ती. शेजाऱ्याच्या पऱ्हाटीच्या ढिगाला तिने काडी लावली होती. कापसाची वाळलेली झाडंच ती, वाऱ्याने आग गोठ्यावर गेली आणि दावणीला बांधलेला एक बैल जळून मेला. गाव चवताळलं. पोलिसांनी तिला नेलं आणि पुढे आदेश होऊन ती आमच्याकडे, आतल्या बाजूला आली.

आतल्या बाजूला आया म्हणून काम करणाऱ्या वच्छलामावशी तिला कोपराला धरून माझ्या खोलीत घेऊन आल्या तेव्हा मी तिला विचारलं, "दार लावू की उघडं ठेवू?" तिने वळून मावशींकडे पाहिलं. प्रश्न त्यांना विचारलाय असं तिला वाटलं. पुढच्या वेळीही तेच झालं, त्याच्या पुढच्या वेळीही. चौथ्या आठवड्यात मात्र ती उठली आणि तिने दार लावलं. मग उघडलं, मग लावलं. पाऊण तास ती तेच करत होती आणि प्रत्येक वेळी कडी बोटाने चाचपून माझ्याकडे बघत होती, मी ओरडते का ते पाहायला. मी ओरडले नाही. त्या दिवशी वहीत लिहायला माझ्याकडे एवढंच होतं, की आज बेबीने दार उघडलं आणि लावलं. मॅडमनी ते वाचलं आणि सही केली.

बोलायला लागली ती गावांच्या नावांपासून. गिरड, समुद्रपूर, जाम, सेवाग्राम, वर्धा. पोलिसांच्या गाडीतून तिला आणलं तेव्हा दर थांब्यावर ती शेजारच्या महिला शिपायाला विचारत होती, "कोन्तं गाव आलं?" आणि त्या बाईने प्रत्येक वेळी न कंटाळता सांगितलं होतं. कोण होती ती शिपाई, मला माहीत नाही, पण तिचं मला नेहमी कौतुक वाटत आलंय. ती नावं बेबीने जपून ठेवली होती. माझ्याकडे आली की आधी ती म्हणायची, मग टोस्ट मागायची, चहात बुडवून तो मोडला की माझ्यावर रागवायची. एकदा मी तिला म्हटलं, "आता उलटी म्हणून दाखव. वर्ध्यापासून सुरू कर." ती म्हणाली, "उलटी गाडी नाई आहे ना, ताई."

तिच्या पोटाची गोष्ट मला सांगायची आहे आणि तीच सांगणं अवघड आहे. बेबीचं पोट दुखायचं. संध्याकाळी जाळीच्या दाराला कुलूप लावताना हमखास. वायरमन आला, दूधवाला आत आला, साहेबांची भेट असली, की पोट दुखायचं. ती जमिनीवर आडवी व्हायची, ओरडायची, धरायला येणाऱ्याला चावायची. दोनदा सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, काही निघालं नाही. मग फाइलमध्ये नवीन ओळ आली, लक्ष वेधून घेण्यासाठी पोटदुखीचं सोंग. त्यावर गुंगीची सुई देत असत. सुई दिली की ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लोळागोळा होऊन पडायची.

मी जुनी वर्तमानपत्रं डिंकाने चिकटवून एक मोठा कागद केला, तिला त्यावर झोपवलं आणि तिच्याभोवती खडूने रेघ ओढली. तिला गुदगुल्या झाल्या, खूप हसली. मग आम्ही त्या आकृतीशेजारी बसलो. मी तिच्या ओंजळीत चिंचोके दिले आणि विचारलं, भूक लागली की कुठे लागते? राग कुठे येतो? तिने सगळे चिंचोके पोटावर ठेवले. भुकेचे पोटावर, रागाचे पोटावर, घाबरण्याचेही पोटावरच. असे कितीतरी गुरुवार गेले. एकदा मी विचारलं, "हे पोट केव्हा दुखते गं, बेबी?" ती चिंचोके सरळ रेषेत लावता लावता म्हणाली, "थो आला का."

तो आला की दुखतं. हा तो कोण, हे समजायला आणखी बरेच महिने गेले. तुकड्यातुकड्यांनी कळलं. घरची सगळी मजुरीला जात. ही उठून रस्त्यावर जाईल म्हणून वहिनी तिला कोठीत ठेवून बाहेरून कुलूप घालायची आणि किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला टांगायची. ती किल्ली तिथे असते हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. शेजाऱ्यालाही ठाऊक होतं... यापुढचं मी इथे लिहीत नाही. बेबीनेही ते मला शब्दांत सांगितलं नाही, कागदावरच्या बाईवर बोट ठेवून सांगितलं. आई सकाळी निघाली की ही तिचा पदर धरून म्हणायची, "माय, पोट दुखून राह्यलं. आज नोको जाऊ." आई तिच्या तोंडात ओवा टाकायची आणि निघून जायची. मजुरी बुडवून कसं चालणार? एक दिवस कुलूप नीट लागलं नव्हतं. बेबी बाहेर आली, चुलीजवळची आगपेटी घेतली आणि गावात इतकी घरं, इतके ढीग असताना तिने नेमका त्याच माणसाचा ढीग पेटवला. कुणी कधी विचारलंच नव्हतं, तोच का. हे सगळं सांगताना ती रडली नाही. बैलाचं नाव निघालं तेव्हा रडली. म्हणाली, "बैलानं काई नोतं केलं, ताई."

मी अहवाल लिहिला. मॅडमनी तो पुढे पाठवला, वकील आले, त्या माणसाला बोलावणं गेलं, तो नाही म्हणाला. अशा बाईचं बोलणं कितपत धरायचं, असा प्रश्न निघाला. मग तारीख, मग पुढची तारीख. त्या कागदाचं पुढे काय झालं ते मला आजही ठाऊक नाही.

पण आतल्या बाजूला फरक पडला आणि तो माझ्यामुळे पडला असं मला वाटत होतं. मी मावशींना, सिस्टरना, सगळ्यांना बसवून समजावलं, की हिच्याकडे भीतीला शब्द नाही, पोट हाच तिचा शब्द आहे. एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून तो जाळीच्या दाराशेजारी चिकटवला. 'बेबी पोट दुखते म्हणाली तर ती घाबरलेली आहे. धरू नका, सुई देऊ नका. शेजारी बसा, बोला.' मावशींनी ते मनापासून पाळलं. त्या आंजीहून एसटीने येतात, वय साठीला टेकलेलं, घरी स्वतःची अंथरुणाला खिळलेली सासू. तरी अर्धा अर्धा तास बेबीच्या शेजारी फरशीवर बसून राहायच्या, तिच्या पाठीवरून हात फिरवत. सुया बंद झाल्या. मॅडम एकदा बाहेरून आलेल्या पाहुण्यांना तो कागद दाखवून म्हणाल्या, "आमच्या ताईंनी हे शोधून काढलं." मला फार बरं वाटलं होतं.

पुढच्या वर्षी आम्ही चिंचोके वेगळे करायला शिकलो. भेव, म्हणजे भीती, छातीत धडधडतं, हाताला घाम आणतं. दुखणं म्हणजे बोट ठेवलं की तिथेच दुखतं. तिला हे यायला लागलं. पाळीच्या दिवसांत ती बोट ठेवून सांगायची, "हे दुखते." कुलपाच्या वेळी म्हणायची, "हे भेव होय." एकदा तर नव्याने आलेल्या एका मुलीला तिने समजावलं, "तुले दुखून नाई राह्यलं, तुले भेव लागून राह्यलं, माह्याजोळ बस." मी खोलीबाहेर उभी राहून ते ऐकलं. दारावरचा कागद आता जुना झाला, तो बदलायला हवा, हे मला तेव्हाच सुचलं होतं. पुढच्या आठवड्यात बदलू, असं मनात म्हटलं. मग संस्थेबाहेरच्या एका पाळणाघराचं काम निघालं, मग बारसं ठरलं...

शुक्रवारी दुपारी मी तळेगावला पोचून पाय धूत होते तेव्हा मावशींचा पहिला फोन आला. "ताई, बेबी सकाळपासून जेवली नाई. पोट दुखते म्हन्ते." मी विचारलं, काल मी निघाल्यावर कुणी नवीन माणूस आला होता का आत? त्या म्हणाल्या, हो, टाकीचा नळ दुरुस्त करायला दोघं आले होते. झालं. माझ्या मनात सगळं जागच्या जागी बसलं. मी म्हणाले, "त्याचंच आहे ते. तुम्ही बसा तिच्याजवळ, बोलत राहा. मी सोमवारी येतेच आहे." मावशी जरा घुटमळल्या. "जरा येगळंच वाटून राह्यलं, ताई. आंग गरम लागते." मी म्हणाले, "घाबरली की लागतं तसं." हे माझे शब्द आहेत. आठवणीत जरासुद्धा चूक नाही.

शनिवारी बारशाच्या गर्दीत फोन पर्समध्ये होता. संध्याकाळी पाहिलं तर मावशींचे तीन फोन येऊन गेलेले. मी उलट फोन केला तेव्हा त्या ड्यूटी संपवून बसमध्ये बसल्या होत्या, आवाज तुटत होता. "झोपली आता, शांत आहे," एवढंच ऐकू आलं. मलाही तेवढंच ऐकायचं होतं. मध्यरात्री तिला दवाखान्यात हलवलं, पहाटे ती गेली. अपेंडिक्स फुटल्यावर दुखणं काही वेळ कमी होतं, माणूस शांत पडतं, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. दोन दिवस आधी आणलं असतं तर साधं ऑपरेशन होतं, असंही सांगितलं. ते रागाने म्हणाले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी मी गेले. दाराशेजारचा माझा कागद कुणीतरी काढून टाकला होता, भिंतीवर चिकटपट्टीचे चार तुकडे राहिले होते. मावशी माझ्या खोलीत आल्या, खुर्चीवर न बसता खाली फरशीवर बसल्या. म्हणाल्या, "तुमी सांगतलं तसंच केलं मी, ताई. बसली होती तिच्याजोळ. म्हटलं, बेबी, भेव नोको करू, कोनी नाई आलं, नळवाले गेले. तं थे काय म्हने मायीत आहे?" मला माहीत नव्हतं. "माहा हात धरला तिनं, असा पोटावर, उजव्या अंगाले ठेवला. म्हने, मावशी, भेव नाई. दुखते. दोनदा म्हने. भेव नाई, दुखते." आणि मग मावशी माझ्याकडे बघून, खरोखर मला विचारत म्हणाल्या, "मी काऊन नाई आयकलं, ताई?"

त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी मला फोनही केला होता. न ऐकणारी मी होते. हे मी त्यांना सांगितलं, मॅडमना सांगितलं, चौकशीला आलेल्या साहेबांना लिहून दिलं. चौकशीत निघालं की कुणाचा दोष नाही, अशा रुग्णांमध्ये आजार ओळखणं अवघड असतं. पण तिने तर ओळखला होता. माझ्याकडून शिकलेल्या शब्दांत, बोट ठेवून, बरोबर जागा दाखवून सांगितला होता. दोन वर्षं मी तिला बोलायला शिकवत होते आणि ती ज्या दिवशी पुरतं बोलली त्या दिवशी मी पाळण्याला फुलं बांधत होते.

तिची आई मला त्याच सोमवारी दवाखान्यात दिसली होती, पण तेव्हा भाऊ कागदांवर अंगठे उमटवत होता आणि आई भिंतीला टेकून उभी होती, बोलणं झालं नाही. तीन आठवड्यांनी मी गावी गेले. टेकडीवरच्या दर्ग्याला जाणाऱ्यांनी भरलेली एसटी गिरडला रिकामी झाली, पुढचं अंतर मी चालत गेले. आई ओसरीवर बसली होती. शेजारणीशी गोंडीत काही बोलली, मग मला पाणी दिलं. वकिलांकडून तिला कोठीचं सगळं कळलं होतं. ती आपणहून म्हणाली, "लोक म्हन्ते, तिनं सांगतलं काऊन नाई? सांगत होती ना, बाई. रोज सांगत होती. पोट दुखते म्हने. मी ओवा देत होती." तिने हात पालथा करून दाखवला, जणू त्यात अजून ओवा होता. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तिला पोट ऐकू आलं तेव्हा ती भीती होती आणि मला भीती ऐकू आली तेव्हा ते पोट होतं, एवढंच सांगायचं होतं. आईनेच विचारलं, "तुमच्याजोळ बोले थे?" मी म्हटलं, "खूप." ती जरा पुढे सरकली. "काय बोले? माह्याजोळ इतकी नाई बोलली कधी."

मग मी सांगत बसले. गावांची नावं, टोस्ट, दाराची कडी, नव्या मुलीला तिने कसं जवळ बसवलं ते. दुपार उलटून गेली. आई मधूनमधून नुसतं "मंग?" म्हणायची. निघताना तिने माझा नंबर अंगणवाडीच्या बाईंना लिहून घ्यायला लावला आणि मला विचारलं, "कोन्त्या दिवशी बोले थे?" मी सांगितलं, सोमवारी आणि गुरुवारी, पण गुरुवारी जास्त, अकरा वाजता.

त्या गुरुवारी अकराला अंगणवाडीच्या बाईंच्या फोनवरून आईचा फोन आला. "बोला," ती म्हणाली. तेवढंच. मी एक आठवण सांगितली. पुढच्या गुरुवारी आणखी एक. तिसऱ्या गुरुवारी माझ्याकडचं सांगण्यासारखं संपत आलं, मी तेच पुन्हा सांगितलं, तिने ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं. चौथ्या गुरुवारी मी मनाशी ठरवलं की आता हे लपवून तिच्याशी बोलत राहणं म्हणजे तिच्या मुलीचं शेवटचं बोलणं चोरून ठेवणं आहे. मी तिला सगळं सांगितलं. मावशींचा फोन, माझं उत्तर, बारसं, आणि ते तीन शब्द. पलीकडे अंगणवाडीतली मुलं काहीतरी घोकत होती. आई म्हणाली, "म्हन्जे बरोब्बर सांगत होती पोरगी." मी म्हटलं, "हो. बरोबर सांगत होती." "बरं," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

त्याला आता तीन गुरुवार झाले. फोन आलेला नाही. अंगणवाडीच्या बाईंचा नंबर माझ्याकडे आहे, मी करू शकते, पण माझ्याशी बोलायचं की नाही हे आता त्या आईने ठरवायचं आहे. गुरुवारची अकराची वेळ दुसऱ्या कुणाला द्या, असं मॅडम दोनदा म्हणाल्या. यादी मोठी आहे, त्यांचं बरोबरच आहे. मी अजून कुणाचं नाव लिहिलेलं नाही. अकरा वाजता त्या खोलीत जाऊन बसते, फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवते. पावणेबारा वाजता वच्छलामावशी दारातून डोकावतात. मी मान हलवते, नाही म्हणून. मग त्या पुढच्या बाईला आणायला जातात.